डेल्टा विंग हळू कशी उडते ते घरी बनवून बघा

डेल्टा विंगबद्दल, म्हणजे विमानाच्या त्रिकोणी पंखाबद्दल, आपल्याकडे बोलणं झालं की सगळं मॅक (आवाजाच्या किती पट वेग), सुपरसॉनिक आणि स्पीडवर जातं. मला मात्र या पंखाचा सगळ्यात भारी भाग वाटतो तो हळू उडतानाचा, म्हणजे लँडिंगच्या वेळचा. नाक वर करून, जवळपास बसल्यासारखं खाली येणारं मिराज किंवा तेजस लढाऊ विमान बघितलं असेल तर प्रश्न पडलाच असेल की एवढ्या अँगलला हे पडत कसं नाही. साधा पंख १५ अंशांच्या आसपास स्टॉल होतो, म्हणजे त्याची लिफ्ट (वर उचलणारा जोर) एकदम पडते, आणि डेल्टा ३० अंशांपर्यंत लिफ्ट देत राहतो. पुस्तकात याचं उत्तर दोन ओळीत मिळतं पण ते हाताला कळत नाही, म्हणून खाली पूर्ण पद्धत देतोय. एक मॉडेल, एक पाण्याची टब, एक मोबाईल, आणि दोन रविवार. पूर्ण लेखातून एकच गोष्ट कळली तरी पुरे: डेल्टा हळू उडताना पडत नाही, तो बसत जातो, त्यामुळे बघायचं ते स्टॉलकडे नाही, ड्रॅगकडे, म्हणजे हवेच्या मागे ओढणाऱ्या जोराकडे.

आधी थोडी थिअरी, कारण त्याशिवाय मॉडेल फेकून काही दिसणार नाही.

साध्या पंखावर हवा वरच्या बाजूने चिकटून जाते, सुटली की स्टॉल. डेल्टाची पुढची धार इतकी तिरकी आणि बारीक असते की थोडा अँगल दिला की हवा तिथेच सुटते, पण सुटून भरकटत नाही, गुंडाळी होऊन पंखाच्या वरच एक भोवरा बनतो, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. भोवऱ्याच्या पोटात दाब खूप कमी, तो पंखाला वर ओढतो. म्हणजे जी गोष्ट साध्या पंखाला मारते त्याच गोष्टीवर डेल्टा जगतो. हे लोकांच्या नीट लक्षात आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. जर्मन डिझायनर अलेक्झांडर लिपिशचं डीएम-१ नावाचं ६० अंश स्वीपचं (स्वीप म्हणजे पुढची धार किती मागे झुकलेली तो कोन) ग्लायडर अमेरिकन लोकांनी उचलून लँग्लीच्या संशोधन केंद्रात नेलं आणि १९४६ मध्ये मोठ्या विंड टनेलमध्ये, म्हणजे हवा सोडून तपासायच्या बोगद्यात टाकलं, तर लिफ्ट अपेक्षेपेक्षा कमी. मग त्यांनी पुढच्या गोल धारेला धारदार पट्टी लावली आणि मॅक्सिमम लिफ्ट चांगलीच वाढली. धार टोकदार केल्यावर लिफ्ट वाढते हे त्या काळच्या समजुतीच्या उलट होतं.

पुढे १९६६ मध्ये नासाच्या एडवर्ड पोलहॅमसने याचा एक सोपा हिशोब दिला जो आजही वापरतात. लिफ्टचे दोन तुकडे करायचे, एक नेहमीचा आणि एक भोवऱ्याचा. नेहमीचा तुकडा = क गुणिले साइन अल्फा गुणिले कॉस अल्फाचा वर्ग. भोवऱ्याचा = ख गुणिले कॉस अल्फा गुणिले साइन अल्फाचा वर्ग. अल्फा म्हणजे अँगल ऑफ अटॅक, पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन. ख साधारण ३.१ ते ३.२ असतो, म्हणजे गणितातल्या पाय (π) च्या जवळ, आणि क पंखाच्या आकारावर ठरतो. ७५ अंश स्वीपच्या बारीक डेल्टाला क अंदाजे १.३५ धरा. १० अंशाला पहिला तुकडा ०.२३ आणि दुसरा ०.०९. २० अंशाला पहिला ०.४१, दुसरा ०.३५. बघा, अँगल दुप्पट केला तर भोवऱ्याचा वाटा जवळपास चौपट झाला आणि एकूण लिफ्टच्या निम्म्याजवळ आला. म्हणूनच हळू उडायचं तर डेल्टाला नाक वर करावंच लागतं, दुसरा रस्ताच नाही.

मॉडेल बनवणं

५ मिमीचा कागद लावलेला फोमबोर्ड घ्या, स्टेशनरीच्या किंवा प्रोजेक्ट मटेरियलच्या दुकानात मिळतो. सनबोर्ड म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा पीव्हीसीचं असतं, ते जड पडतं, घेऊ नका. मधली लांबी ४० सेंमी, मागे मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूला २३.१ सेंमी. ६० अंश स्वीपचा डेल्टा काढला की तो चक्क समभुज त्रिकोण निघतो, तिन्ही बाजू ४६.२ सेंमी, त्यामुळे कोनमापक नसला तरी चालतं. क्षेत्रफळ साधारण ९२४ चौरस सेंमी.

पुढच्या दोन्ही धारा खालच्या बाजूने पॉलिश पेपरने घासून चाकूसारख्या करा. वरची बाजू सपाटच ठेवायची. या धारेवरच सगळा खेळ आहे, आळस करू नका.

मागच्या धारेला ४ सेंमी रुंद पट्टी दोन्ही बाजूला कापून टेपने बिजागरीसारखी जोडा. हे तुमचे एलेव्हॉन, म्हणजे एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा) आणि एलरॉन (डावी-उजवीकडे कलवणारा) एकाच तुकड्यात, कारण शेपूट नाही. मधोमध मागे एक उभा फिन, ९० ते १०० चौरस सेंमी. चिकटवायला फेविकॉल किंवा ग्लू गन कमी गरम ठेवून. फेविक्विक फोमला लागू देऊ नका, विरघळतो. नाकाचं टोक फोमच्या तुकड्याने बोथट करा, कोणाच्या डोळ्याला लागायला नको.

सीजी, म्हणजे तोल

नव्वद टक्के मॉडेल इथे मरतात म्हणून जरा सावकाश वाचा. नुसत्या त्रिकोणाचं स्वतःचं वजन नाकापासून दोन तृतीयांशवर असतं, म्हणजे आपल्याकडे २६.७ सेंमीवर. पण लिफ्टचा न्यूट्रल पॉइंट, म्हणजे अँगल वाढला की वाढलेली लिफ्ट जिथे लागते ती जागा, ६० अंशाच्या डेल्टाला नाकापासून साधारण ५६ ते ५८ टक्क्यांवर येतो, म्हणजे २२.५ ते २३ सेंमी. सीजी त्याच्या पुढे हवा, नाहीतर मॉडेल हातातून सुटल्या सुटल्या उलटं होतं. सुरुवात बरोबर निम्म्यावर करा, २० सेंमी.

त्यासाठी नाकात वजन किती लागेल ते आधीच काढता येतं. माझा हिशोब असा: पंख ४६ ग्रॅम, फिन आणि टेप मिळून ९ ग्रॅम, एकूण ५५ ग्रॅम, त्याचा तोल २७.४ सेंमीवर. २० वर आणायचा तर ५५ गुणिले ७.४ म्हणजे ४०७. वजन नाकापासून २ सेंमीवर चिकटवलं तर ते सीजीपासून १८ सेंमी लांब, ४०७ भागिले १८ म्हणजे साधारण २३ ग्रॅम. लोखंडी नट किंवा क्ले, काहीही चालेल, किचनच्या वजनकाट्यावर मोजा. एकूण ७८ ते ८० ग्रॅम होतं. मग दोन बोटांवर २० सेंमीच्या रेषेवर धरून बघा, आडवं राहिलं पाहिजे, नाक किंचित खाली गेलं तरी हरकत नाही, मागे झुकलं तर अजिबात फेकू नका.

फेकणं आणि मोजणं

सकाळी लवकर, वारा नसताना. आधी गवतावर उभं राहून खांद्याच्या उंचीवरून, एलेव्हॉनची मागची कडा दोन्ही बाजूला ३ मिमी वर वाकवून, नाक जमिनीला समांतर ठेवून सरळ ढकला. वर फेकू नका, बाणासारखं ढकला. डाव्या-उजव्या बाजूला वळत असेल तर एका एलेव्हॉनला अर्धा मिमी फरक द्या. सरळ जायला लागलं की मग मुख्य प्रयोग, आणि त्याला उंची लागते, ३ मीटर तरी, पहिल्या मजल्याची गॅलरी किंवा मैदानाची पायरी. खाली कोणी नाही याची खात्री करा.

आता एक गोष्ट सांगतो जी मला स्वतःला कळल्यावर कितीतरी दिवस डोक्यातून गेली नव्हती. धारदार सपाट डेल्टावर हवेचा एकूण जोर जवळपास पंखाच्या सपाटीला काटकोनात असतो, कारण गोल धारेवर जो पुढे खेचणारा जोर मिळतो तो इथे मिळत नाही, त्याचं रूपांतर भोवऱ्याच्या लिफ्टमध्ये झालेलं असतं. इंजिन नसलेल्या मॉडेलवर फक्त दोनच जोर, हवेचा आणि वजनाचा, आणि वजन सरळ खाली. दोघांचा तोल साधायचा तर हवेचा जोर सरळ वर पाहिजे, म्हणजे पंख जवळपास आडवाच राहिला पाहिजे! म्हणजे मॉडेल आडवं दिसतं पण तिरकं खाली सरकत असतं, आणि सरकण्याचा जो कोन तोच जवळपास अँगल ऑफ अटॅक. उंची आणि अंतर मोजा, भागाकार करा, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर टॅन उलटा करा, झालं, काहीही यंत्र न लावता अल्फा हातात. फक्त हवेच्या घर्षणामुळे थोडा फरक पडतो, वेगात उडताना ५-६ अंश आणि हळू उडताना २ अंश त्यातून वजा करायचे.

३ मीटर उंचीवरून, ८० ग्रॅम वजनाला, हिशोबातले आकडे असे येतात (तुमचे थोडे इकडेतिकडे येतील, पण चित्र हेच राहील):

एलेव्हॉन कमी, अल्फा ६ अंश: लिफ्ट कोइफिशियंट (पंख किती लिफ्ट देतो त्याचा आकडा) ०.३, वेग सेकंदाला ७ मीटर, अंतर १४ मीटरच्या आसपास, हवेत सुमारे २.१ सेकंद.

एलेव्हॉन मध्यम, अल्फा १५ अंश: कोइफिशियंट ०.७९, वेग ४.४ मीटर, अंतर १० मीटरला थोडं कमी, हवेत सुमारे २.३५ सेकंद.

एलेव्हॉन भरपूर, अल्फा २० अंश: कोइफिशियंट ०.९५ धरा, वेग ४ मीटर, अंतर साडेसात मीटर, हवेत परत २ सेकंदच.

हे तीन थ्रो नीट बघा, कारण लँडिंगचं सगळं गुपित इथेच आहे. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत वेग कमी केला तर हवेत जास्त वेळ राहिलं, अपेक्षेप्रमाणे. दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत अजून हळू केलं तर उलट लवकर खाली आलं, आणि स्टॉल मात्र कुठेच झाला नाही, पंख डगमगला नाही, नाक पडलं नाही, नुसतं बसत गेलं. साध्या विमानात पायलटला थरथर जाणवते, नाक खाली जातं, काहीतरी इशारा मिळतो. डेल्टात नाक वर खेचत राहिलं तर विमान तक्रार न करता खाली जातं आणि पॉवर लावायला उशीर झाला की जमीन येते. म्हणून डेल्टाच्या अप्रोचमध्ये, म्हणजे उतरायला येताना, वेग थ्रॉटलने (इंजिनच्या पॉवरने) सांभाळतात आणि अल्फावर डोळा ठेवतात. कॉनकॉर्ड हे सुपरसॉनिक प्रवासी विमान अप्रोचला सुमारे १४ अंश अल्फाला असायचं, खाली येण्याचा मार्ग ३ अंशाचा, म्हणून नाक क्षितिजाच्या ११ अंश वर, पायलटला रनवे दिसायचा नाही, त्यासाठीच ते नाक १२.५ अंश खाली वाकवायची सोय. आणि एवढं करून वेग १६० नॉटच्या आसपास, म्हणजे तासाला ३०० किमी. त्याला ना फ्लॅप ना स्लॅट (साध्या पंखाला लिफ्ट वाढवायला असतात त्या हलणाऱ्या पट्ट्या), सगळं काम भोवऱ्यांवर.

मोबाईलवर स्लो मोशनमध्ये बाजूने व्हिडिओ घ्या, भिंतीवर किंवा कंपाउंडवर दर मीटरला खडूची खूण केली तर वेगही निघतो. प्रत्येक सेटिंगला किमान पाच थ्रो, आणि हाताने चुकलेला थ्रो काढून टाका.

सीजी मागे घेऊन बघा

हा भाग करा म्हणजे फ्लाय-बाय-वायर (कॉम्प्युटरमार्फत विमान सांभाळणं) कशासाठी ते समजेल. शेपूट नसलेल्या डेल्टाला नाक वर ठेवायला एलेव्हॉन वर करावा लागतो, एलेव्हॉन वर म्हणजे पंखाचा मागचा भाग खाली दाबला गेला, म्हणजे जेव्हा लिफ्टची सगळ्यात जास्त गरज तेव्हाच आपण लिफ्ट फेकून देतोय. नाकातलं वजन थोडं थोडं कमी करत सीजी २१.२ सेंमीपर्यंत आणा. आता तोच अल्फा अर्ध्या एलेव्हॉनने मिळतो आणि वजनही कमी झालं, मॉडेल आणखी हळू आणि सपाट जातं. २२ च्या पुढे गेलात की लाटेसारखं वरखाली करायला लागेल, २३ ला नाक उचलून उलटं. जुन्या मिराज ३ ला सीजी सुरक्षित पुढे ठेवणं भाग होतं, त्यामुळे लँडिंग फार वेगात. १९७८ मध्ये उडालेल्या मिराज २००० मध्ये कॉम्प्युटरने स्थिरता सांभाळली, सीजी मागे नेता आला, आणि लँडिंगचा वेग बराच खाली आला. आपल्या हवाई दलात ते १९८५ पासून वज्र नावाने ग्वाल्हेरला आहे. तेजसमध्येही तीच कल्पना, शिवाय त्याचा पंख आतल्या बाजूला कमी तिरका, ५० अंश, आणि बाहेर ६२.५ अंश. नेव्हीच्या तेजसला तर पंखाच्या मुळाशी पुढे हलणारे लेव्हकॉन लावले, भोवरा तगडा करून अप्रोचचा वेग कमी करायला, आणि ११ जानेवारी २०२० ला ते आयएनएस विक्रमादित्यवर उतरलं. तेजस मार्क १ए आता नाशिकजवळ ओझरलाही बनतं, तिथलं पहिलं विमान ऑक्टोबर २०२५ मध्ये उडालं, त्यामुळे नाशिककरांना नाक वर करून उतरणारा डेल्टा प्रत्यक्ष बघायचा चान्स आहे, तो बघताना अल्फा किती असेल याचा अंदाज घ्या, सवय होते.

भोवरा डोळ्यांनी बघायचा

उडवून परिणाम दिसतो, भोवरा दिसत नाही. त्यासाठी पाणी. हवेत आणि पाण्यात धारदार डेल्टाचा भोवरा जवळपास सारखाच बनतो, कारण प्रवाह कुठे सुटायचा ते धार ठरवते. फ्रान्सच्या ओनेरा या विमान संशोधन संस्थेत हेन्री वेर्लेने १९५० च्या दशकात पाण्याच्या टनेलमध्ये रंग सोडून अशीच चित्रं काढली होती.

पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे किंवा कडक प्लॅस्टिकचे दोन त्रिकोण, मधली लांबी १५ सेंमी. एक ६० अंशाचा, मागची रुंदी १७.३ सेंमी. एक ७५ अंशाचा, रुंदी ८ सेंमी. मागच्या बाजूला एक काडी उभी चिकटवा धरायला. सलाइनची बारीक नळी खालून नाकाच्या टोकापर्यंत टेपने आणा, दुसऱ्या टोकाला सिरिंज, त्यात खायचा रंग थोड्या दुधात मिसळून. नुसता रंग लगेच पसरतो, दुधामुळे रेघ टिकते. लांब टब किंवा मुलांचा फुगवायचा पूल घ्या, पाणी भरून अर्धा तास पूर्ण शांत होऊ द्या, मग मॉडेल बुडवून १५ अंश तिरकं धरून सेकंदाला साधारण १० सेंमी वेगाने सरळ ओढा, सिरिंज अगदी हलकी दाबत. जोरात दाबली तर आपणच भोवरा बिघडवतो.

नाकापासून दोन रंगीत धागे निघतील, प्रत्येक बाजूला पंखाच्या अर्ध्या रुंदीच्या साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांशवर, ताणलेल्या दोऱ्यासारखे सरळ. पहिल्यांदा दिसतं तेव्हा अंगावर काटा येतो, खरंच. आता अँगल वाढवा. ६० अंशाच्या त्रिकोणावर १२ ते १५ अंशांच्या पुढे तो दोरा मागच्या धारेजवळ अचानक फुगतो किंवा स्क्रूसारखा फिरून विस्कटतो. हे भोवऱ्याचं फुटणं, व्हॉर्टेक्स ब्रेकडाउन. अँगल वाढवाल तसा फुटायचा बिंदू पुढे नाकाकडे सरकतो. तोच ७५ अंशाचा त्रिकोण घ्या, ३० अंशाला धरला तरी दोरा पंखावर शाबूत. जास्त स्वीप म्हणजे भोवरा टिकाऊ, पण पंख अरुंद म्हणजे तितकी लिफ्ट मिळवायला अँगल जास्त, म्हणजे ड्रॅग जास्त. सगळ्या डेल्टा डिझायनरांची ओढाताण या दोन त्रिकोणांत आहे.

टब नसेल तर पंख्यासमोर: खोक्यात कोल्ड्रिंकच्या स्ट्रॉ गच्च भरून टेबल फॅनसमोर ठेवा, नाहीतर फॅनची स्वतःचीच फिरकी मिळते, आणि पंखाच्या वर लोकरीचे २ सेंमीचे तुकडे ओळीने चिकटवा. भोवऱ्याखालचे तुकडे मागे न जाता बाहेर, पुढच्या धारेकडे वळतात. चिकटलेल्या प्रवाहात असं कधी होत नाही.

बारीक डेल्टा आणि डोलणं

शेवटचा प्रयोग अवघड आहे, पहिलं मॉडेल जमलं असेल तरच करा. ७५ अंशाचं उडणारं मॉडेल, लांबी ४० सेंमी, मागची रुंदी २१.४, क्षेत्रफळ ४२८ चौरस सेंमी, म्हणून वजन ३५ ते ४० ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका. सीजी परत निम्म्यावरून सुरू करा, इथे न्यूट्रल पॉइंट अजून मागे असतो त्यामुळे हळूहळू मागे घ्यायला जागा आहे. एलेव्हॉन वाढवत अल्फा २० च्या वर नेला की मॉडेल डावी-उजवी डोलायला लागतं, एक भोवरा वर उचलला जातो, दुसरा पंखाला चिकटतो, मग उलट. याला विंग रॉक म्हणतात. ब्रिटनने कॉनकॉर्डच्या आधी फक्त हा हळू वेगाचा अभ्यास करायला हँडली पेज एचपी ११५ नावाचं छोटं विमान बनवलं होतं, स्वीप सुमारे ७५ अंश, पहिलं उड्डाण ऑगस्ट १९६१. हे डोलणं त्यात पायलटांना दिसलं आणि ते सांभाळता येतं हेही दिसलं, तो धीर कॉनकॉर्डला कामी आला. नील आर्मस्ट्राँगनेही ते १९७० मध्ये उडवलं.

तुमच्या मॉडेलचं डोलणं फारच वाढून ते कलंडत असेल तर आधी फिन दीडपट करा, तरीही थांबलं नाही तर दोन्ही पुढच्या धारा सारख्याच टोकदार आहेत का ते बोट फिरवून तपासा, बहुतेक वेळा एक बाजू जास्त घासली गेलेली असते.